पाच गुणांचा प्रश्न

फळ्यावर मी रूळ काढले.
एका फाट्यावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक,
आणि मधे सांधा बदलणारा हात.
देवगडला रेल्वे नाही.
सांधा वर्गात कुणी पाहिलेला नव्हता.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"सर, ह्यात वारो खंय हा?"
वर्ग हसला, मीही हसलो,
डस्टरने रूळ पुसले.
खिडकीतून पवनचक्क्यांची घरघर येत राहिली.

तास संपल्यावर मानसी कोयंडे थांबली.
मोबाईल पुढे धरला. पंधरा सेकंद.
काळ्या पाण्यात पांढरं, आजारी ऊन,
त्याखाली उकळल्यासारखे मासे,
आणि बोटीच्या नाळीवरचा नंबर, स्पष्ट.
भावाने काढलेलं.
सोसायटी मागतेय, पुरावा द्या, परवाना रद्द करून घेऊ.
"मग दे की," मी म्हणालो.
एलईडीला बंदी आहे, मास्तराला एवढं तरी कळतं.

ती म्हणाली, त्याच रात्री
आमच्या होडीचं इंजिन बसलं.
वायरलेसवर कुणी ऐकेना.
जाळं अर्धवट उचलून तीच बोट जवळ आली,
दोर टाकला, अडीच तास ओढत आणलं.
तांडेलाने भावाला काळा चहा दिला,
साखर जास्त घालून.
"त्या उजेडान दर्यो खाल्ल्यान, सर,
आणि त्याच उजेडान माझ्या भावाक घराक हाडल्यान."

मग मला जे येतं ते मी केलं. बेरीज.
खाडीच्या तोंडाशी जाळी टाकणारी दोनशे घरं.
पलीकडे एक मालक, त्याचं कर्ज,
सात खलाशी, त्यातले पाच नेपाळचे,
ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच पगारासाठी.
बेरीज सुरेख जुळत होती.
तिने विचारलं, अंडी कुठे धरली?
जी अजून फुटलीच नाहीत ती कुठल्या रकान्यात?
आणि माझ्या भावाचा आकडा एकच का?

बरं, कर्तव्य म्हणून पाहू.
जो नियम सगळ्यांनी पाळावा असं वाटतं
तो आधी आपण पाळायचा.
ती म्हणाली, इथे दोन आहेत, सर.
चोरी झाकू नये.
आणि दर्यात ज्याने दोर टाकला त्याला विसरू नये.
दुसरा तुमच्या पुस्तकात नाही.
आमच्याकडे तो पहिला.

खरं सांगतो,
शिपाई दार लावायला आला
तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

परीक्षेत मी तोच प्रश्न घातला, नावं बदलून.
निर्लज्जपणा म्हणा, पण मला उत्तर हवं होतं.
बाकीच्यांनी नोट्स उतरवल्या,
कुणी सुखाखाली दोन रेघा मारल्या,
कुणी सुवर्णमध्य काढला, पट्टीने.
तिचं पान कोरं.
तळाला एकच ओळ: उत्तर बंदरावर दिलं आहे.
नियमाप्रमाणे शून्य. मी शून्य दिलं.
ते बरोबरच होतं,
आणि ते माझ्या हातातून अजून सुटलेलं नाही.

बाकीचं मला कळलं लिलावात,
सुरमईसाठी घासाघीस करताना.
सकाळी तिने सोसायटीत व्हिडिओ दिला,
रजिस्टरात स्वतःची सही केली, भावाची नव्हे.
संध्याकाळी एकटी त्या बोटीपाशी गेली,
खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन.
म्हणाली, "व्हिडिओ मीच दिलंय.
दुसऱ्या कोणाच्या तोंडान तुमका कळू नये म्हणान इलंय."

तांडेल कितीतरी वेळ गप्प होता.
मग दोराचं टोक बोटांत फिरवून बघत म्हणाला,
"गोड्या पाण्यान धुतलंस?"
"होय. दोन दिस वाळवलंय."
"मगे थंय ठेव."